शाळा फाट्यापलीकडे आहे : लहान गावात पायी आणि सायकलीचे सुरक्षित मार्ग कसे आखायचे

नागपूरहून एसटीने सव्वा तासावर आमचं गाव. नगरपंचायत होऊन काही वर्षं झाली, तरी तोंडात ‘गाव’च येतं. माझी पुतणी सहावीत आहे. घरापासून तिची शाळा नऊशे मीटर. त्यातले साडेआठशे मीटर ती रमतगमत जाते: बोळीतून, मारुतीच्या पारावरून, पिठाच्या गिरणीमागून. उरलेले पन्नास मीटर म्हणजे फाटा. तिथे आजी तिचं मनगट धरते आणि दोघी कोळशाच्या ट्रकांकडे बघत उभ्या राहतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी या नऊशे मीटरपासून सुरुवात केली. तेव्हा डोक्यात होता सायकल ट्रॅक. लाल रंगाचा, नागपुरात कुठेकुठे आखलेला दिसतो तसा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात एकेरी सायकल ट्रॅकला किमान दोन मीटर रुंदी लागते. आमच्या बाजारगल्लीत बैलबंडी आणि स्कूटी समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं. दोन मीटर आणणार कुठून? मग हळूहळू लक्षात आलं की मार्ग बांधायचा नसतोच, तो असतो. फक्त दोन-तीन ठिकाणी तुटलेला असतो. ते तुकडे शोधून सांधायचे, एवढंच काम आहे. ते कसं केलं आणि कुठे चुकलो, ते पुढे लिहितो.

आधी माणसं मोजा

रस्त्याकडे बघण्याआधी त्यावरून कोण, किती वाजता जातं ते लिहून काढा. आमची यादी अशी झाली: पहाटे सहाला कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बाया, उन्हाळ्यात सकाळची शाळा, एरवी दहाला हायस्कूल, दुपारी बँकेत आणि रेशनला जाणारे म्हातारे, संध्याकाळी ट्यूशनची पोरं, जेवणानंतर शतपावलीवाले. आठवडी बाजाराच्या दिवशी हे सगळं गणित मोडतं, म्हणून त्या दिवसाचा वेगळा कागद ठेवा.

शाळेत अर्धा तास मागून घ्या. गुरुजींना सांगून वर्गात हात वर करायला लावा: पायी किती, सायकलने किती, गाडीवर कोणाला सोडतात. मग प्रत्येकाला कोऱ्या कागदावर घर ते शाळा रस्ता काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे फुली. आमच्याकडे सातवीच्या एका वर्गात अर्ध्याहून जास्त फुल्या फाट्यावर आल्या, ते अपेक्षितच होतं. पण आठ-नऊ फुल्या मटणाच्या दुकानामागच्या वळणावर होत्या. तिथे कुत्री. आम्हा मोठ्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, कारण आम्ही तिथून गाडीवर जातो.

पुढच्या प्रत्येक निर्णयाला आम्ही दोन माणसं समोर ठेवली: एकटं निघालेलं दहा वर्षांचं पोर आणि हातात पिशवी असलेली सत्तरीची आजी. त्यांना जमलं तर सगळ्यांना जमतं. तरण्याताठ्या सायकलवाल्याला विचारून आखलेला मार्ग इतरांच्या कामाचा नसतो. तो म्हणतो, ‘काही नाही होत, निघून जायचं.’

नकाशा: मोठा रस्ता शेवटी

उपग्रह नकाशावरून गावाचं चित्र मोठ्या कागदावर छापून घ्या. शहरात शंभर-दीडशे रुपयांत मोठी प्रिंट मिळते. त्याच्या जोडीला महाभूनकाशाच्या संकेतस्थळावरून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. दोन्ही लागतात. उपग्रहाला आज काय आहे ते दिसतं, गाव नकाशात काय असायला हवं ते.

मोठा रस्ता आधी काढू नका. तो काढला की हात आपोआप त्यालाच फाटे फोडत जातो. आधी बोळी, देवळामागची वाट, शाळेच्या कुंपणातली फट, नाल्याकाठची पायवाट, जिनिंगच्या भिंतीकडेचा रस्ता, सगळं हिरव्या पेनाने. जिथे ट्रक, ट्रॅक्टर, एसटी भरधाव जातात ते लाल. हिरव्या रेघा लालला छेदतात तिथे गोल करा. आमच्या अख्ख्या गावात असे गोल अकरा निघाले, आणि खरी धास्ती त्यातल्या तिघांचीच.

चालून बघा, आणि तीनदा

नकाशा घेऊन एकदा चालणं पुरत नाही. आपल्याकडे वर्षात रस्ता तीनदा बदलतो.

मे महिन्यात सावली बघा. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लांबचा पण झाडांखालचा रस्ता हाच खरा जवळचा. उत्तर-दक्षिण रस्त्याला पश्चिमेकडची झाडं दुपारनंतर सावली देतात, म्हणजे शाळा सुटल्यावर त्या कडेने चालायचं. भर दुपारी भिंतीचा काही उपयोग नाही: २६ मेच्या आसपास, ऐन नवतपात, नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भिंतीला सावलीच उरत नाही. कडुलिंब, करंज, चिंच कुठे आहेत ते नकाशावर मांडा. त्या दोन-तीन झाडांसाठी पुढे रुंदीकरणात भांडावं लागतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी बघा. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, किती वेळ पाणी राहतं, रेल्वे फाटक बंद करून केलेल्या भुयारी रस्त्यात किती साचतं, काळी माती कुठे सायकलच्या मडगार्डात भरते. आमची पुतणी एकदा चाक फिरेना म्हणून सायकल खांद्यावर घेऊन आली होती; चिखलासकट तिचं वजन पोरीपेक्षा जास्त भरलं असेल.

आणि दिवाळीनंतर नजर आणि अंधार बघा. जूनमध्ये मोकळं दिसणारं वळण ऑक्टोबरात तुरीने झाकलेलं असतं. नाल्याकाठी बेशरमाचं झुडूप डोक्याच्या वर गेलेलं असतं. कापसाच्या आणि संत्र्याच्या गाड्या सुरू झालेल्या असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ट्यूशन सुटते सातला.

चालताना जवळ लहान टेप, खडू आणि मोबाइल ठेवा. एक गोष्ट हमखास मोजा: रस्त्याची कड. डांबरावर डांबर, वर सिमेंट, असं करत रस्ता उंच होत गेला आणि साईडपट्टी खालीच राहिली. आमच्या बसस्टँडपुढे मी शाळेची फूटपट्टी लावली तर ती अर्धी आत गेली, पंधरा सेंटिमीटर. मागून हॉर्न आला की सायकलवाला खाली उतरतो, आणि चाक परत वर घेताना आडवा होतो. रस्त्याच्या मधोमध. हा अपघात कुठल्याच रजिस्टरात ‘साईडपट्टीमुळे’ म्हणून लिहिला जात नाही.

तसंच नालीवरची जाळी. पट्ट्या चालण्याच्या दिशेने असतील तर सायकलचं चाक आत बसतं. जाळी नव्वद अंशात फिरवून बसवायला वेल्डरचा अर्ध्या तासाचा खर्च.

‘ब्लॅक स्पॉट’ हा शब्द या कामात वारंवार ऐकाल. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. लहान गावात हा आकडा गाठेपर्यंत अर्धा मोहल्ला संपेल. म्हणून आम्ही ‘थोडक्यात वाचलो’ नोंदवायला लागलो. पानटपरीवर एक वही लटकवली. कोणी वाचला, कोणी पडला, तारीख, वेळ, कशाने. खर्रा घोटता घोटता टपरीवाला भाऊ लिहून ठेवायचा. दोन महिन्यांत एकोणीस नोंदी, त्यातल्या अकरा संध्याकाळी सहा ते आठमधल्या. ही वही पुढे आमच्या सगळ्या फोटोंपेक्षा उपयोगी पडली.

फाटा: घड्याळ आणि टेप घेऊन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘फार डेंजर आहे साहेब’ याला अभियंता मान डोलावतो आणि विसरतो. आकडा विसरता येत नाही.

आधी वेग. रस्त्याच्या कडेला पन्नास मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा. गाडी पहिल्या खुणेवर आली की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू, दुसरीवर बंद. १८० ला सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात: तीन सेकंद म्हणजे ६०, साडेचार म्हणजे ४०, सहा म्हणजे ३०. मोकळ्या धावणाऱ्या तीस गाड्या मोजा, हळू ते जोरात अशा क्रमाने लावा आणि सव्विसाव्या गाडीचा वेग घ्या. साधारण पंच्याऐंशी टक्के गाड्या त्या वेगात किंवा त्याखाली असतात, आणि अभियंते हाच आकडा विचारतात. लपून मोजा. आम्ही पहिल्या दिवशी पिवळं जॅकेट घालून उभे राहिलो तर सगळे सज्जनासारखे चालले. एक ट्रकवाला थांबून विचारता झाला, ‘काऊन बापू, रोड मोजून राह्यले का?’ दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीत बसून मोजलं. आकडा आला ६०.

मग ओलांडण्याचा वेळ. रस्त्याचं डांबर सात मीटर. हिशेबात माणसाचा चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे सहा सेकंद. आमच्या आजीला लागले नऊ. पहिलं पाऊल टाकायचं की नाही यात एक, मधे पिशवी सावरण्यात एक.

आता दोन्ही जोडा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. नऊ सेकंदांत गाडी दीडशे मीटर येते. म्हणजे आजीने पाऊल टाकताना दीडशे मीटरपर्यंतचा रस्ता दिसायला हवा. ती उभी राहते तिथून टेप धरला, तर नागपूरच्या बाजूला नव्वद मीटरच दिसत होतं: उभा ट्रक, वाढदिवसाचं फ्लेक्स आणि बेशरमाचं बन. आजी दोन्हीकडे बघूनच निघते. तरी ती अर्ध्यात असताना जी गाडी अंगावर येते, ती निघताना तिला दिसूच शकत नाही.

या एका हिशेबातून तिन्ही उपाय निघतात. नजर दीडशेपर्यंत मोकळी करा. किंवा वेग इतका खाली आणा की नव्वद मीटर पुरतील, तो येतो ताशी ३६. किंवा ओलांडायचं अंतर कमी करा: चौपदरी असेल तर मधे थांबायला जागा, दुपदरी असेल तर दोन्हीकडची कड आत घेऊन. थोडं थोडं तिन्ही केलं तर भांडण कमी होतं.

वेगाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा एक आकडा आम्ही प्रत्येक अर्जात घातला: मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला तर धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र चालतात तिथे ३० ची मर्यादा असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात ३२ हजारांहून जास्त पादचारी रस्त्यावर मेले.

पांदण कामाला लावा

फाटा कितीही सुधारला तरी काही पोरांना मोठ्या रस्त्यावर आणण्याची गरजच नसते. आमच्या शेजारच्या दोन खेड्यांतून मुली सायकलने हायस्कूलला येतात. डांबरी रस्त्याने साडेतीन किलोमीटर, पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या जुन्या वाटेने, तीन. पण पांदणीवर एकाने धुरा (बांध) सरकवून पऱ्हाटी (कापूस) लावलेली, एका जागी काटेरी फांद्या टाकून वाट अडवलेली.

गाव नकाशावर अशी वाट शोधा. तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. वाट नकाशावर असेल आणि कोणी अडवली असेल तर तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढायला लावू शकतात. पण तिथे शेवटी जा. आम्ही आधी वाट अडवणाऱ्या काकांच्या घरी गेलो, तिथे हायस्कूलला येणाऱ्या मुलींपैकी एकीची आजी सोबत होती. काकांनी एक अट घातली: ‘बंडी माझ्या तुरीत नाही गेली पाहिजे.’ चार दगड रोवून दिले, वाद मिटला.

पांदण मोकळी झाली म्हणजे सायकलीची झाली असं नाही. काळ्या मातीवर मुरूम आणि खडी टाकून दाबल्याशिवाय ती जुलै ते सप्टेंबर बंदच. सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेतून हे काम मागता येतं; शेतकऱ्याला त्याचा माल न्यायला तोच रस्ता हवा असतो, त्यामुळे मागणी एकट्या शाळेची राहत नाही. दोन्ही कडांना नाली हवीच, नाहीतर पहिल्या पावसात मुरूम शेतात.

आणि गोखरू. दिवाळीनंतर पांदणीवर गोखरू आणि बाभळीचे काटे इतके असतात की आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. पहिल्या वर्षी मुली पुन्हा डांबरी रस्त्यावर गेल्या त्या याच कारणाने. आम्हाला वाटलं, अंतर जास्त वाटत असेल. विचारल्यावर कळलं. आता शाळेत पंक्चरचं सामान आणि पंप ठेवलाय, आणि नववीच्या मुली स्वतः पंक्चर काढतात.

दिवसाचा मार्ग वेगळा, संध्याकाळचा वेगळा

ही चूक आम्ही सुरुवातीला केली, म्हणून ठळक सांगतो. गाड्या नसलेली शांत वाट दुपारी उत्तम. अंधार पडल्यावर तीच वाट मुलीला नको असते, आणि तिचं बरोबर आहे. संध्याकाळचा मार्ग चालू दुकानांसमोरून, दिव्यांखालून, लोकांच्या ओट्यांपुढून जायला हवा, मग दोन-चारशे मीटर जास्त का पडेनात. देशी दारूच्या दुकानापुढून नको. हे पुरुषांनी टेबलावर बसून ठरवू नये. आम्ही ट्यूशनच्या मुली आणि त्यांच्या आयांसोबत सात वाजता चालत गेलो आणि त्या म्हणाल्या तिथून मार्ग नेला.

दिवे मोजताना खांब मोजू नका, लागणारे दिवे मोजा. आमच्या मार्गावर सव्वीस खांब, चालू दिवे सतरा. त्यातही झाडाच्या आत गेलेले तीन.

रस्ता कोणाचा, हे आधी

अर्ज चुकीच्या दारात गेला की तीन महिने जातात. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते आपल्या नागपुरातच जमले होते आणि त्यांनी रस्त्यांची जी वर्गवारी केली, ती ‘नागपूर प्लॅन’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग, ही उतरंड तीच. साधारणपणे राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, त्याखालचे जिल्हा परिषदेकडे, गावातले अंतर्गत रस्ते नगरपंचायतीकडे किंवा ग्रामपंचायतीकडे. राष्ट्रीय महामार्गाचे काही तुकडे प्राधिकरणाकडे असतात, काही बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा: पिवळा म्हणजे राष्ट्रीय, हिरवा राज्य, केशरी ग्रामीण.

दगडाचा दुसराही उपयोग आहे. अर्जात ‘पाटलांच्या वाड्यासमोर’ लिहू नका. ‘किलोमीटर दगड अमुकपासून नागपूरच्या दिशेने १४० मीटर, डावी बाजू’ असं लिहा. शाखा अभियंत्याला अंदाजपत्रकात तेच लागतं.

मागायचं काय

लोक पहिल्यांदा ब्रेकर मागतात. राष्ट्रीय महामार्गावर ब्रेकर घालायला केंद्राची मनाई आहे, तिथे हा अर्ज पहिल्याच टेबलावर परत येतो. तिथे रंबल स्ट्रिप (चाकाखाली खडखडणारे पट्टे), गाव सुरू होताना ठळक फलक, कॅट आय (रात्री चमकणारी बटणं), मधे थांबायची जागा आणि दिवा मागा. गावातल्या रस्त्यावर ब्रेकर हवा तर मापात मागा: ३.७ मीटर रुंद, मधे १० सेंटिमीटर उंच, गोलसर, पांढरे-काळे पट्टे, ४० मीटर आधी फलक. यावरून ताशी २५ ने आरामात जाता येतं. अपघात झाल्यावर रात्रीतून लोक जे सिमेंटचे उंचवटे घालतात, त्यावर सायकलचं पुढचं चाक उडतं आणि बाळंतिणीला रिक्षातून नेणाऱ्याचे हाल होतात. असा उंचवटा फोडायला लावणंही या कामाचाच भाग, आणि तो घालणारे आपलेच शेजारी असतात.

नुसता झेब्रा मागू नका. फाट्यावर पांढरे पट्टे ओढून गेले तर आजीला वाटतं गाडी थांबेल, आणि गाडीवाल्याला काहीच वाटत नाही. पट्ट्याआधी वेग कमी करणारं काहीतरी आणि पट्ट्यावर दिवा, हे सोबत हवंच.

एसटीचा थांबा ओलांडण्याच्या जागेच्या पुढे हवा, मागे नाही. बस पट्ट्यांच्या अलीकडे थांबली की उतरलेलं पोर बसच्या नाकासमोरून धावतं आणि ओव्हरटेक करणाऱ्याला दिसत नाही. थांबा वीस-तीस मीटर पुढे नेला तर लोक बसच्या मागून ओलांडतात आणि येणारी गाडी त्यांना दिसते.

साईडपट्टी मुरुमाने भरून डांबराच्या पातळीला आणून घ्या. फूटपाथ मिळत असेल तर १.८ मीटर मोकळी रुंदी आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघाभर उंच फूटपाथवर म्हातारं माणूस चढत नाही, मग त्यावर मोटारसायकली लागतात. भाजीवाल्यांना हाकलून फूटपाथ मोकळा करू नका. २०१४ च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे. जागा त्यांच्याशी बसून ठरवा. बाजाराच्या दिवशी त्या मावश्या असतात म्हणूनच रस्त्यावर डोळे असतात.

अर्ज आणि त्यामागची फाइल

एक पान पुरे: जागा, मोजलेला वेग, ओलांडण्याचा वेळ, दिसणारं अंतर, किती मुलं, ‘थोडक्यात वाचलो’च्या नोंदी, आणि तीनच मागण्या. सोबत टेप लावलेले फोटो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ रस्त्याची रचना मानकाप्रमाणे नसल्यास संबंधित यंत्रणेला आणि कंत्राटदाराला जबाबदार धरतं, एक लाखापर्यंत दंड. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधला हक्क असल्याचं म्हटलं. दोन्ही उल्लेख एकेका ओळीत, धमकीच्या सुरात नाही.

प्रत द्या तिथे पोच घ्या. ग्रामपंचायत असेल तर विषय ग्रामसभेत ठरावावर आणा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा, विषय आधी द्यावा लागतो. नगरपंचायतीत प्रभागाच्या नगरसेवकाला आधी स्वतः चालवून आणा, नंतर मुख्याधिकाऱ्यांना. मोठ्या रस्त्याचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवा. तिथे पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एकाच टेबलावर असतात. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात ‘अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या पहिल्या अर्जाला आलेलं उत्तर होतं, ‘सदर जागा या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही.’ ज्या कार्यालयाकडे बोट दाखवलं, त्यांचंही तसंच पत्र आलं. दोन्ही पत्रं एकत्र टाचून समितीकडे पाठवली, तेव्हा जागा कोणाच्या तरी अखत्यारीत आली.

मंजुरीला वेळ लागतो, तोवर तात्पुरतं करून बघा. पोलीस ठाण्याची आणि रस्ता ज्यांचा त्यांची लेखी परवानगी घेऊन आम्ही शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी जुने टायर चुन्याने रंगवून मांडले. वळण आवळलं, ट्रॅक्टरला हळू वळावंच लागलं. आठ दिवस ठेवले. कापसाची भरलेली गाडी वळेना म्हणून तिसऱ्या दिवशी एक टायर हाताने सरकवला. सिमेंट ओतल्यावर हे जमलं नसतं.

पोरांना काय सांगायचं

थोडक्यात: फूटपाथ नसेल तर पायी उजव्या कडेने, येणारी गाडी समोर दिसेल असं, सायकल मात्र डावीकडून, गाड्यांच्या दिशेने. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि दप्तराला चमकती पट्टी. कानात इअरफोन नको. यापलीकडे पोरांना उपदेश करण्यात मला फार अर्थ वाटत नाही. सगळी जबाबदारी सहावीतल्या मुलीवर टाकणं सोपं असतं म्हणून आपण तेच करतो.

झाल्यावर परत मोजा

बेशरम कापलं, फ्लेक्स हटलं, ट्रक उभे राहायची जागा पुढे नेली, रंबल स्ट्रिप आल्या. मग आम्ही पुन्हा त्याच टपरीत बसलो. सव्विसाव्या गाडीचा वेग ४४. दिसणारं अंतर एकशे तीस मीटर. ताशी ४४ ने नऊ सेकंदांत गाडी एकशे दहा मीटर येते, म्हणजे आजी आता पोचते, वीस मीटर राखून. रंग पावसाळ्यात जातो, तेव्हा झेब्रा दिवाळीनंतर मारून घ्यायचा. बेशरम ऑक्टोबरात पुन्हा कापायचं, याची तारीख शाळेच्या फळ्याशेजारी लिहून ठेवली आहे.

दिवा मात्र अजून लागलेला नाही. खांब उभा राहून सात महिने झाले. मीटर कोणाच्या नावाने घ्यायचं यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार चालू आहे, त्याच्या प्रती आमच्या फायलीत लागत जातात. तोवर टपरीवाल्या भाऊने आपला बल्ब रस्त्याच्या बाजूला टांगला आहे.